बाबांची मोटरसायकल पुन्हा चालू करताना

बाबा गेल्यानंतर त्यांची मोटरसायकल नऊ वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. १०० सीसी, फोर-स्ट्रोक, जपानी बनावटीची. आई, दादा, माझा बारा वर्षांचा मुलगा आणि मी, अशा चौघांनी मिळून ती चालू केली. तुमच्याही घरात अशी गाडी असेल तर आमचा अनुभव उपयोगी पडेल.

पाना हातात घेण्याआधी सगळ्यांनी गाडीभोवती बसा आणि काय बदलायचं नाही ते ठरवा. प्रत्येकाला कागदी चिकटपट्टी द्या. जी खूण जपायची तिथे ज्याने त्याने पट्टी लावायची. दादाच्या मनात टाकी नव्याने रंगवायची होती. आईने टाकीच्या डाव्या बाजूला, जिथला रंग उडून पत्रा दिसत होता, तिथे पट्टी लावली. बाबांचा गुडघा तिथेच घासायचा. दादा काही बोलला नाही, टाकी तशीच राहिली. मी गिअरच्या दांडीचं झिजून गुळगुळीत झालेलं रबर राखलं.

पण ब्रेक, टायर, केबल आणि पेट्रोलची नळी यांच्यावर पट्टी लावायची नाही, हा नियम आधीच करा. पुढच्या ब्रेकची केबल बाबांनी तार गुंडाळून चालवली होती. ती काढताना माझे हात थरथरले, तरी काढली. आता ती डब्यात जपून ठेवली आहे. टायरच्या कडेवर चार अंकांचा शिक्का असतो, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या मागच्या टायरवर १५०९ होतं, म्हणजे २००९चा पंधरावा आठवडा. नक्षी शाबूत होती, रबर मात्र लाकडासारखं झालं होतं. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रममधली धूळ हवेने उडवू नका. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा, आणि हे काम मुलांकडे देऊ नका.

इतकी वर्षं उभ्या असलेल्या गाडीला लगेच किक मारू नका. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतील तर जबरदस्तीने आत ओरखडे पडतात. स्पार्क प्लग काढून त्या भोकातून दोन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. मग टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने हळूच फिरवा. आमचं पहिल्या दिवशी हललं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. रोज थोडं तेल सोडत गेलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चाक बोटभर सरकलं.

टाकीतलं जुनं पेट्रोल उघड्यावर काढा, आसपास ठिणगी नको, आणि ते गटारात ओतू नका. गंजासाठी आम्ही टाकीखालचा पेट्रोलचा कॉक काढून भोकाला बूच मारलं आणि टाकी पांढऱ्या व्हिनेगरने दोन दिवस भरून ठेवली. बाहेरच्या रंगावर एक थेंबही येऊ दिला नाही. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने खळखळून धुतली, उन्हात पूर्ण वाळवली आणि लगेच आत थोडं पेट्रोल फिरवलं, नाहीतर ताजा गंज धरतो.

कार्बोरेटरला, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाला, वेळ द्या. जपानी गाड्यांचे स्क्रू साध्या प्लस स्क्रूसारखे दिसतात, पण त्यांची खाच वेगळी असते. साधा स्क्रूड्रायव्हर घसरतो आणि खाच खाऊन टाकतो. माझे दोन स्क्रू असेच गेले, मग जेआयएस, म्हणजे जपानी मानकाचा स्क्रूड्रायव्हर घेतला. हवेचं प्रमाण ठरवणारा एअर स्क्रू काढण्याआधी तो हलकेच पूर्ण आत नेऊन किती फेरे बसतात ते मोजा आणि लिहून ठेवा. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जाण्याच्या बारीक भोकाच्या तुकड्यात, टाचणी कधीच घालू नका, भोक मोठं होतं. वायरमधला तांब्याचा एक केस पुरतो. मुलाने पायलट जेट, म्हणजे सगळ्यात बारीक भोकाचा जेट, उजेडाकडे धरला आणि म्हणाला, "आई, काहीच दिसत नाही." क्लीनरमध्ये भिजवून, तांब्याचा केस फिरवून पुन्हा धरला, तर सुईच्या टोकाएवढा उजेड. तो जेट त्याने घरातल्या प्रत्येकाला दाखवला.

वायरिंगचं थोडक्यात सांगते: नवी बॅटरी, अर्थिंगची जागा घासून स्वच्छ, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदललेल्या. नवा प्लग, त्याच्या टोकांमधला गॅप मॅन्युअलमध्ये असेल तितका.

गाडीचा स्वभाव मॅन्युअलमध्ये नसतो, तो घरातल्यांना विचारा. बाबा सकाळी गाडी कशी चालू करायचे ते आईला पाठ होतं: चोक पूर्ण, चावी बंद ठेवून दोन रिकाम्या किक, मग चावी. तसंच केलं. चौथ्या किकला इंजिन धरलं. सोडलेलं तेल जळून निळसर धूर निघाला, थोड्या वेळाने कमी झाला. म्हणून पहिला स्टार्ट मोकळ्या जागीच करा. पाच मिनिटांनी बंद करून गरम असतानाच ऑइल काढा आणि नवं भरा.

पहिली फेरी दादाने हेल्मेट घालून एकट्याने मारली, चालण्याच्या वेगाने, दहादा ब्रेक दाबून. परत आल्यावर सगळे नट पुन्हा तपासले. मग आई मागे बसली.