टिंब, कमान आणि नॅचरल: भातखंडे लिपीतून स्टाफ नोटेशनकडे येताना

भातखंडे स्वरलिपी वाचायची सवय असलेल्याला स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच रेघांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत, अनोळखी खुणांपेक्षा ओळखीच्या वाटणाऱ्या खुणाच जास्त चकवतात. त्यातही टिंब आणि कमान. या दोन आधी पक्क्या कराव्यात.

आपल्याकडे स्वरावर टिंब म्हणजे तार सप्तक, खाली टिंब म्हणजे मंद्र. स्टाफवर सप्तक ठरतं ते स्वर कोणत्या रेघेवर किंवा घरात बसला आहे त्यावरून. टिंबाचा सप्तकाशी संबंध नाही. स्वराच्या डोक्यावर किंवा खाली टिंब असेल तर ते स्टकाटो: स्वर साधारण निम्मा वाजवून सोडायचा, उरलेला वेळ शांतता. पुढचा स्वर मात्र आपल्या जागेवरच येतो. स्टकाटो दिसला की लय पळते, ती याच शांततेचा वेळ खाल्ल्यामुळे.

टिंब स्वराच्या उजवीकडे असेल तर लांबी निम्म्याने वाढते. क्रॉचेट, मिनिम, क्वेव्हर ही स्वरांच्या लांबीची नावं. क्रॉचेटची एक मात्रा धरली, तर दोन मात्रांचा मिनिम तीनचा होतो आणि क्रॉचेट दीडचा. हा दीडच चुकतो. ‘एक आणि दोन आणि’ असं मोठ्याने मोजा. टिंबाचा क्रॉचेट ‘एक आणि दोन’ एवढा धरा, त्यामागून येणारा अर्ध्या मात्रेचा क्वेव्हर दुसऱ्या ‘आणि’वर. बोट ‘दोन’वरच उचललं तर ठेका लंगडतो. दुहेरी उभ्या रेघेला चिकटलेली दोन टिंबं ही तिसरीच गोष्ट: तेवढा भाग पुन्हा वाजवा.

आता कमान. आपल्या लिपीत खालची कमान एका मात्रेतले स्वर बांधते, वरची मींड दाखवते. स्टाफवर वर-खाली बघू नका, कमानीची टोकं बघा. शेजारचे दोन स्वर एकाच उंचीवर असतील तर तो टाय: दुसरा स्वर पुन्हा वाजवायचा नाही, दोघांच्या मात्रांची बेरीज करून पहिलाच धरून ठेवायचा. स्वर वेगवेगळे असतील तर स्लर: मध्ये फट न ठेवता जोडून वाजवायचे, व्हायोलिनवर एका गजात. स्लर म्हणजे मींड नव्हे. बोट घसरवलं तर मधल्या श्रुती ऐकू येतात, आणि त्या इथे नको आहेत.

शार्प (स्वर अर्ध्या सुराने चढवणारी) आणि फ्लॅट (तेवढाच उतरवणारी) या खुणा स्वराच्या डावीकडे येतात. त्या त्याच बारच्या, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या भागाच्या, शेवटपर्यंत, त्याच सप्तकातल्या त्या स्वराला लागू राहतात. बारची रेघ ओलांडली की संपल्या. रेघेपलीकडे टायने नेलेला स्वर तेवढा अपवाद. ओळीच्या सुरुवातीला क्लेफनंतर (कोणत्या रेघेवर कोणता स्वर ते ठरवणाऱ्या चिन्हानंतर) असलेल्या खुणा मात्र सगळ्या सप्तकांत चालू राहतात.

सर्वांत फसवा नॅचरल. त्याचं भाषांतर ‘शुद्ध’ असं करू नका. नॅचरल फक्त शार्प किंवा फ्लॅट काढून टाकतो. जी मेजरमध्ये सा म्हणजे जी, आणि सुरुवातीलाच एफ शार्प दिलेला असतो, तो शुद्ध नी. तिथे एफला नॅचरल लागला की कोमल नी मिळतो. एफ मेजरमध्ये बी फ्लॅट हा शुद्ध म. त्यावर नॅचरल आला की तीव्र म.