मूल सांभाळायला बाई ठेवण्याआधी

शोध सुरू करण्याआधी एक दिवस वही घेऊन बसा आणि घरातला दिवस जसा जातो तसा लिहून काढा. बाळ कधी उठतं, दूध किती वेळा, झोप किती तुकड्यांत, तुम्ही खरंच कधी परतता. तोंडाने 'सहा' म्हणता आणि रोज पावणेसात होत असतील, तर पावणेसातच लिहा. कामाची हद्दही याच पानावर ठरू द्या: नुसतं मूल, की त्याचे कपडे आणि बाटल्याही? धुणंभांडी मागाहून हळूच गळ्यात घातली की कुरबुर सुरू होते, आणि ती मुलाच्या वाट्याला येते. पगार, सुट्ट्या, जादा तासांचे पैसे, सगळं कागदावर.

ओळखपत्र बघा. आधीच्या घरांचे नंबर नुसते घेऊन ठेवू नका, फोन करा. "चांगल्या होत्या का?" याला उत्तर 'हो'च येतं. त्यापेक्षा "पुन्हा ठेवाल का?" असं विचारा आणि उत्तराआधी समोरचा किती थांबतो ते ऐका.

भेटीत "मुलं आवडतात का?" हा प्रश्न वाया जातो. प्रसंग सांगा. सहा महिन्यांच्या बाळाला कसं निजवाल? पाठीवर, टणक सपाट गादीवर, उशी आणि जाड पांघरुणाशिवाय. "पालथं घातलं की छान झोपतं" म्हणणाऱ्या अनुभवी बाई हमखास भेटतील. तिथे अनुभवापुढे मान तुकवू नका. घशात काही अडकून खोकता-रडताही येत नसेल तर? वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली धरून पाठीवर ५ थापा, मग उताणं करून छातीवर ५ दाब. न दिसणाऱ्या वस्तूसाठी घशात बोट घालायचं नाही. मध? वर्ष होईपर्यंत बोटभरसुद्धा नाही. एखादं उत्तर चुकलं म्हणून लगेच नकार देऊ नका, समजावल्यावर ऐकून घेतात का ते बघा.

आणि तासभर रडणं थांबलंच नाही तर? "मला कधी राग येतच नाही" म्हणणारीपेक्षा "पाळण्यात नीट ठेवून दोन मिनिटं बाजूला होईन" म्हणणारीवर माझा जास्त भरवसा. बाळाला गदागदा हलवल्याने मेंदूला इजा होते, हे तिला ठाऊक हवंच.

आमच्याकडे आलेल्या एका मावशींनी मुलीला उचलायला हातच पुढे केला नाही. जमिनीवर बसल्या आणि डब्याचं झाकण लावत-काढत राहिल्या. दहा मिनिटांत ती सरकत जाऊन त्यांच्या गुडघ्याला टेकली. आठ-नऊ महिन्यांनंतर मुलं परक्या माणसाला बघून रडतातच, त्यामुळे पहिल्या रडण्यावरून कुणाची पारख करू नका.

पहिले तीन-चार दिवस तुम्ही घरातच थांबा, मग तासभर बाहेर जा, मग अर्धा दिवस. दाराजवळ एक कागद चिकटवा: डॉक्टरांचा नंबर, घराचा पूर्ण पत्ता, औषधांची मात्रा, जवळ राहणाऱ्या दोघांचे फोन. बाळ तीन महिन्यांपेक्षा लहान असेल तर ३८ अंश सेल्सियस ताप आला की लगेच डॉक्टर, हेही लिहा. कॅमेरा लावणार असाल तर सांगून लावा. आणि मावशी स्वतः आजारी पडतील त्या दिवशी बाळ कुणाकडे, ते नाव वहीत आत्ताच लिहून ठेवा.