पशुवैद्यकात पीएच.डी. करायचीय? खानदेशातून निघण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी विषय. गाईड देतील तो घेऊ म्हणणारे पुष्कळ असतात. पण किमान तीन वर्षं ज्याच्या मागे धावायचं, तो प्रश्न आपल्याच भागातल्या गोठ्यातून उचललेला बरा. इकडे प्रश्नांना तोटा नाही. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ साली नवापूरच्या पोल्ट्र्यांत सापडला, २०२१ मध्ये तिथेच पुन्हा आला. २०२२ च्या साथीत राज्यातली पहिली लम्पीची जनावरं रावेर तालुक्यात दिसली. शिवाय ठेलारी या भटक्या मेंढपाळांच्या फिरत्या मेंढ्या आहेत, सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे आहेत. मात्र ‘खानदेशातील लम्पी’ हा विषय नाही, बातमीचा मथळा आहे. लस टोचलेल्या गाईच्या चिकातून वासराला मिळालेलं संरक्षण किती आठवडे टिकतं, हा झाला विषय.

कागदपत्रं ठरलेलीच: एम.व्ही.एस्सी.च्या गुणपत्रिका, पशुवैद्यक परिषदेची चालू नोंदणी, लागू असेल तर जात वैधता, नोकरीत असाल तर ना हरकत. घरापासून जवळ हवं असेल तर माफसूची (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची) अकोल्याची स्नातकोत्तर संस्था रेल्वेच्या वाटेवरच आहे. उत्तर प्रदेशात इज्जतनगरला, म्हणजे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत जायचं तर आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) प्रवेश परीक्षेचा अभ्यास आतापासून धरा.

प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीची मंजुरी पहिली सुई टोचण्याआधी घ्या. नंतर मागितली तर मिळत नाही, आणि जर्नल तिचा क्रमांक विचारतंच. किती जनावरं लागतील हेही संख्याशास्त्राच्या माणसाबरोबर आधी बसून ठरवा. नमुने गोळा करून मग त्याच्याकडे जाणारे मला कधी कळलेच नाहीत.

आता खरी कसोटी: नमुने. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो. सिरमसाठी (रक्त साकळल्यावर वेगळ्या होणाऱ्या पातळ भागासाठी) घेतलेलं रक्त आधी सावलीत नीट साकळू द्या; लगेच बर्फात खुपसलं किंवा गोठवलं तर पेशी फुटून सिरम लाल होतं आणि चाचणी बिघडते. सिरम वेगळं काढून मगच थंड करा. प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करून दोन ठिकाणी ठेवा, कारण वीज जाणारच. नळीवर कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक लिहा. ‘पाटलांची काळी गाय’ सहा महिन्यांनी कुणालाच ओळखू येत नाही. कोंबड्या पटापट मरत असतील तर स्वतः हात घालू नका, पशुसंवर्धन खात्याला कळवा. ते नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत जातात.

स्वतःला रेबीजची प्रतिबंधक लस टोचून घ्या. गाभडलेल्या गाईची वार हाताळताना हातमोजे हवेतच, गाई गाभडवणाऱ्या ब्रुसेला जिवाणूची लागण माणसालाही होते.

सातपुड्यात जाताना पावरी किंवा भिली बोलणारा माणूस सोबत असू द्या आणि संमतिपत्र त्याच्याकडून मालकाला समजावून मगच सही-अंगठा घ्या. गोठ्यावर धार काढायच्या वेळी पोहोचा. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी घरी कुणी सापडत नाही.