सायकल रॅक आतून गंजतो

गाडीमागे सायकली लावून गुहागर-मुरूडला दोन दिवस राहून आलात, तर घरी आल्यावर सायकलीआधी रॅक धुवा. गोड्या पाण्याने, साध्या बादली-मगाने. प्रेशर वॉशर नको, तो खारं पाणी सांध्यांत आणखी आत ढकलतो.

वरचा रंग चकचकीत आहे म्हणून फसू नका. हे पावडर कोटिंग आधी सुटतं ते बोल्टच्या वॉशरखाली (चकतीखाली) आणि वेल्डिंगच्या कडेला. तिथे बारीक फोड दिसला की नखाने दाबून बघा. खाली तांबूस भुकटी निघाली तर धातू चमकेपर्यंत पॉलिश पेपरने घासा, झिंक प्रायमर मारा, वाळल्यावर रंग.

खरा घोळ नळीच्या पोटात असतो. टोकाची प्लास्टिकची बुचं काढून रॅक उभा धरा. पाऊस थांबून पंधरा दिवस झाले होते, तरी माझ्या रॅकमधून वाटीभर चहाच्या रंगाचं पाणी निघालं! दिवसभर उन्हात वाळवून आत गंजरोधक तेलाचा फवारा मारला. तेव्हापासून दर दसऱ्याला गाडी धुताना हेही करतो.

रॅक अ‍ॅल्युमिनियमचा असला तरी निर्धास्त राहू नका. त्याला स्टेनलेसचे बोल्ट असतील तर खाऱ्या ओलीत दोन धातूंची बॅटरी होते आणि झिजतं अ‍ॅल्युमिनियम. बोल्टभोवती पांढरी पूड ही त्याची खूण. मध्ये नायलॉनचा वॉशर घाला, आट्यांना ग्रीस लावा.

सायकली बांधायचे पट्टे गंजत नाहीत, पण उन्हाने कुजतात. दुमडल्यावर कडेला तंतू उभे राहिले की बदलाच.