परसात पाणी साचतंय? झुडपं लावा, पण आधी एक पाइप बघा

श्रावण संपत आला, गणपती तोंडावर आलेत आणि तळमजल्यावर राहणाऱ्या सगळ्यांची तीच रड, मागच्या चार हात जागेत चिखल, शेवाळं, चप्पल रुतते. मग कोणीतरी सांगतं की पाणी पिणारी झाडं लावा, जमीन आपोआप सुकेल. अर्धं खरं आहे ते.

हिशेब सोपा आहे. मुंबईत सांताक्रूझला जून ते सप्टेंबर साधारण २३०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातले आठशेच्या वर एकट्या जुलैत. म्हणजे दहा बाय दहाच्या वाफ्यावर जुलैत सात हजार लिटरच्या वर पाणी आभाळातूनच येतं. त्यात ढगाळ, दमट हवा, ऊन नाही, पानांतून पाणी उडणार कसं? कुठलंही झुडूप जुलैत हे पाणी पिऊन संपवणार नाही. त्याचं खरं काम चालू होतं पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात, तेव्हा ते ओल खेचतं आणि मुळांनी जमीन भुसभुशीत करतं. पावसाळ्यात त्याने फक्त जिवंत राहायचं.

म्हणून आधी पाइप. गच्चीचं पाणी उतरवणारा पाइप तुमच्या बागेत तोंड उघडून बसलाय का बघा, बऱ्याच ठिकाणी हाच चोर निघतो आणि आपण दोष मातीला देतो. त्याला एल्बो (पाइपचा वाकडा जोड) लावून गटारापर्यंत न्या. मे महिन्यातही एखादा कोपरा ओला राहत असेल तर तिथे झाड नको, प्लंबर बोलवा. आणि पाऊस दोन दिवस उघडला की फूटभर खड्डा खणून बादलीभर पाणी ओता. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी तसंच असेल तर खाली चिकण माती नाहीतर बिल्डरने दाबलेलं डेब्रिज आहे समजा. माती निळसर-राखाडी आणि कुजक्या अंड्यासारखा वास, म्हणजे खाली हवाच नाही.

माझी चूक सांगते. कलमी लिंबू आणलं, चांगला दोन फुटी खड्डा केला, शेणखत घातलं, हौसेने लावलं. जुलैत पानं माना टाकायला लागली, मला वाटलं मुळं धरली नाहीत म्हणून तहानलंय, वरून अजून पाणी घातलं! ऑगस्टमध्ये ओढलं तर हातात अलगद आलं, मुळांची साल बोटाला चिकटून निघाली, काळी. चिकण मातीत खड्डा म्हणजे बादलीच, आजूबाजूचं सगळं पाणी त्यातच उतरतं. त्यामुळे अशा जागी खड्ड्यात नाही, वरंब्यावर लावायचं. पाऊण ते एक फूट उंच वरंबा, बाजूने चर, चराचा उतार गटाराकडे. वाळू ओतून माती मोकळी होते हे डोक्यातून काढा, थोडी वाळू आणि चिकण माती मिळून वीटच होते. सुका पालापाचोळा आणि कंपोस्ट घाला, आणि ओल्या मातीवर नाचू नका, ती अजून दाबली जाते.

आता झुडपं. माझा पहिला नंबर निर्गुडी. नदीकाठची आहे, पाय पाण्यात असले तरी कुरकुरत नाही आणि मे महिन्यात कोरडं पडलं तरी टिकते, मुंबईत हे दोन्ही जमणारं झाड हवं. बोटाएवढ्या जाडीची वीतभर काडी आत्ता खोचली तरी फुटते, नर्सरीत पैसे घालवू नका. पानांचा शेक गुडघ्याला, तो बोनस. सगळ्यात ओल्या कोपऱ्यात कर्दळ, ती झुडूप नाही हे मान्य, पण सांडपाणी स्वच्छ करायच्या वाफ्यांत लावतात तीच ही, कंद पसरतात आणि भरपूर पाणी खेचते. तिच्या शेजारी सोनटक्का लावा, संध्याकाळी वास घ्यायला. चराच्या कडेला वाळा, मुळं खोल जातात, माती वाहून जाऊ देत नाही. कण्हेर पाणी, ऊन, खाडीचा खारेपणा सगळं सोसते पण पूर्ण विषारी, घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर नकोच. चारकोप, गोराई असं खाडीजवळ असाल आणि उन्हाळ्यात मातीवर पांढरा थर येत असेल तर खारं सोसणारंच निवडा.

केवडा नको, काटे आणि पसारा, आपल्या जागा केवढ्या! निलगिरी, उंबर, वड भिंतीजवळ अजिबात नको. मोगरा, गुलाब, पपई, कढीपत्ता कुंडीत वर ठेवा. अळू येईल मस्त, पण गटाराचं पाणी झिरपत असेल तर त्याची वडी करू नका प्लीज.

निर्गुडीच्या काड्या आत्ताच खोचा, बाकीचं सप्टेंबरअखेर, पाऊस ढिला पडला की, भिंतीपासून आणि गटाराच्या चेंबरपासून पाच-सहा फूट लांब. चिखलात उतरताना गमबूट घाला, पायाला जखम असेल तर उतरूच नका, उंदीर फिरतात तिथे लेप्टोचा (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचा) धोका असतो, नंतर ताप आला तर डॉक्टरांना चिखलाचं आवर्जून सांगा. चरात पाणी थांबून राहिलं तर डासांची पैदास, म्हणून उतार नीट काढा.

आणि हो, हसू नका, पण डिसेंबरपासून पहिला उन्हाळा सरेपर्यंत याच झुडपांना आठवड्यातून दोनदा पाणी घालावं लागतं. मुळं खोल जाईपर्यंत इलाज नाही.