मोटर न्यूरॉनच्या आजारात औषधचाचणी कशी शोधायची: जळगाव-धुळे-नंदुरबारच्या घरांसाठी

मोटर न्यूरॉनच्या आजारात स्नायू हलवणाऱ्या नसपेशी हळूहळू मरतात आणि हात, पाय, बोलणं, गिळणं, श्वास दुबळा होत जातो. निदान झालं की आधी वहीत तारखा लिहा. चप्पल पायातून निसटायला लागली तो महिना, बोलताना जीभ जड झाली तो महिना. बहुतेक चाचण्या लक्षणं सुरू होऊन साधारण दीड-दोन वर्षांच्या आतले रुग्णच घेतात, आणि ती मुदत निदानापासून मोजत नाहीत. आपल्याकडे मानेचा मणका, वात, साखर असे इलाज करण्यातच यातले कितीतरी महिने जातात.

फाइलमध्ये ईएमजी-एनसीव्हीचा (नसा-स्नायूंच्या विद्युत तपासणीचा) आलेखासह रिपोर्ट, मेंदू व मानेचा एमआरआय, श्वासाची क्षमता मोजलेला कागद आणि दर महिन्याचं वजन ठेवा. एएलएसएफआरएस-आर हा रोजची कामं किती जमतात ते मोजणारा तक्ताही भरा: बोलणं, गिळणं, लिहिणं, चालणं, श्वास वगैरे १२ बाबी, प्रत्येकी ० ते ४, एकूण ४८ गुण. तो दर वेळी घरातल्या एकाच माणसाने भरावा. आज मुलगा, पुढच्या महिन्यात सून असं केलं की गुण उगाच वरखाली होतात आणि आजाराचा वेग कळत नाही.

रिलुझोल ही आजाराचा वेग थोडा कमी करणारी गोळी: ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तासांनी. पहिले तीन महिने दर महिन्याला लिव्हरची तपासणी करायची. ताप आला तर डॉक्टरांना लगेच कळवायचं. मूळ चाचण्यांत याने आयुष्य दोन-तीन महिन्यांनीच वाढलं, म्हणून घरचे कंटाळून गोळी सोडतात. पण चाचणीत शिरताना डोस साधारण महिनाभर स्थिर लागतो. चालू-बंद केलं की प्रवेश लांबतो.

जनुक तपासणीबद्दल डॉक्टरांना विचाराच, घरात दुसरा रुग्ण नसला तरी. एसओडी१ जनुकातला दोष १९९३ मध्ये सापडला. त्यावरचं टोफरसेन हे औषध अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालं. ते पाठीच्या कण्यातून देतात आणि फक्त हा दोष असलेल्यांसाठीच आहे. असे रुग्ण शंभरात दोनच्या आसपास.

आता शोध. सीटीआरआय ही देशातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही इंटरनेटवर फुकट पाहता येते. तिथे इंग्रजीत अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस (एएलएस, या आजाराचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार) हेही नाव टाका, बऱ्याच नोंदी त्याच नावाने असतात. भरती चालू आहे का, केंद्र कुठल्या शहरात, पात्रतेच्या अटी काय, एवढं आधी वाचा आणि मगच फोन करा. नोंदणी क्रमांक म्हणजे औषध चालतं याचा दाखला नव्हे.

पैसे मागून स्टेम सेलची (मूळ पेशींची) सुई देणाऱ्यांपासून लांब राहा. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे या आजारात स्टेम सेल फक्त चाचणी म्हणूनच देता येतात, आणि चाचणीत रुग्णाकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात. ‘अमेरिकेत मंजूर’ एवढ्यावरही शेत विकायला काढू नका: रेलिव्ह्रिओ हे याच आजारावरचं औषध तिथे २०२२ मध्ये मंजूर झालं, मोठ्या चाचणीत उपयोग दिसला नाही आणि २०२४ मध्ये कंपनीनेच ते मागे घेतलं.

संमतिपत्र मराठीत मागा, प्रत घरी आणा. औषधाऐवजी दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी (प्लासिबो) मिळण्याची शक्यता किती, चाचणी संपल्यावर औषध मिळेल का, इजा झाली तर भरपाई कोण देणार, प्रवासखर्च कोणाचा, हे सहीआधी विचारा. अहिराणी बोलणाऱ्या आजीला पुस्तकी मराठी जड जात असेल तर समजावून सांगणारं माणूस सोबत न्या.

मुंबईला जायचं तर जळगाव किंवा भुसावळहून खालचा बर्थ घ्या. श्वासाचे स्नायू दुबळे असतील तर सपाट झोपल्यावर दम लागतो, म्हणून पाठीला जादा उशा हव्यात. बायपॅप (मास्कमधून श्वासाला मदत करणारं यंत्र) असेल तर त्याची बॅटरी पूर्ण चार्ज करून न्या. डब्यातल्या मोबाइलच्या सॉकेटवर भरवसा ठेवू नका.