फ्रेंच लिहिताना ‘:’ आणि ‘;’ : या चुका टाळा

फ्रेंचचा निबंध हातात आला की माझी नजर आधी अपूर्णविरामाच्या डावीकडे जाते. तिथे जागा सोडलेली नसेल तर लिहिणारा अजून फ्रेंच फारसं वाचत नाही, हे कळून जातं. मराठीत ‘:’ आधीच्या शब्दाला चिकटून येतो, इंग्रजीतही. फ्रान्समध्ये मात्र त्याच्या दोन्ही बाजूंना जागा लागते. ‘;’चंही तसंच, फक्त छपाईच्या काटेकोर नियमात त्याच्या आधीची जागा जरा अरुंद असते.

बरं, जागा हवी म्हणून नुसता स्पेसबार दाबला की वेगळीच गंमत होते. एका विद्यार्थिनीच्या अर्जात ‘व्वासी मे दिप्लोम’ हे शब्द ओळीच्या शेवटी आणि पुढच्या ओळीच्या तोंडाशी एकटा ‘:’ लटकलेला. इथे न तुटणारी जागा हवी: वर्डमध्ये विंडोजवर कंट्रोल-शिफ्ट-स्पेसबार, मॅकवर ऑप्शन-स्पेसबार. मजकुराची भाषा ‘फ्रेंच, फ्रान्स’ ठेवली तर वर्ड ती स्वतःच घालतं. घालत नसेल तर भाषा इंग्रजीच राहिली आहे का, ते आधी पाहा. कॅनडातल्या फ्रेंचभाषी क्वेबेकची रीत निराळी. तिथे ‘:’च्या आधी जागा असते, ‘;’ मात्र शब्दाला चिकटतो.

हे झालं टंकलेखन. खरी अडचण अर्थाची, कारण ही दोन चिन्हं एकमेकांच्या जागी सर्रास पडतात. ‘इल न सॉर पा : इल प्ल.’ म्हणजे तो बाहेर पडत नाही, कारण पाऊस पडतोय. त्यातलं ‘कारण’ कुठे लिहिलंय? त्या दोन टिंबांत. म्हणूनच ‘:’नंतर पुन्हा ‘पार्स्क’, म्हणजे ‘कारण’, लिहिलं की कारण दोनदा सांगितल्यासारखं होतं. आता ‘पॉल एम ल ते ; मारी प्रेफेर ल काफे.’ पॉलला चहा आवडतो, मारीला कॉफी. एकाच्या चहामुळे दुसरी कॉफी पीत नाही; दोन्ही वाक्यं नुसती शेजारी बसली आहेत. इथे ‘:’ टाकलात तर वाचणारा नसलेलं कारण शोधत बसतो. शंका आली तर मनात ‘कारण’, ‘म्हणून’ किंवा ‘म्हणजे’ घालून पाहा. बसलं तर ‘:’, नाहीतर ‘;’.

दोन्ही चिन्हांनंतर छोटं अक्षर येतं. विशेषनाम असेल किंवा ‘:’नंतर कुणाचं बोलणं अवतरणात येत असेल तरच मोठं. एका वाक्यात दोन ‘:’ शक्यतो नकोत. आणि क्रियापद व त्याचं कर्म यांच्या मध्ये तर अजिबात नको. ‘जे विझिते : पारी, लियाँ ए नीस’ हे मी दर वर्षी खोडते. ‘मी पाहिलं’ म्हणून दम घ्यायचा आणि मग गावं सांगायची, असं कोण बोलतं?

पत्राच्या मायन्यात ‘मादाम, मस्य’नंतर स्वल्पविराम द्या, ‘:’ नाही. वेळही सलग मजकुरात १४:३० अशी लिहीत नाहीत. दोन आकड्यांच्या मध्ये ‘आश’ (h) हे अक्षर येतं, दोन्हीकडे जागा सोडून.

मुद्द्यांच्या यादीत ‘;’ हक्काने वापरायचा असतो, आणि नेमकं तिथेच आपण तो विसरतो. यादीच्या आधीच्या ओळीला ‘:’, प्रत्येक मुद्दा छोट्या अक्षराने सुरू, शेवटी ‘;’. उपान्त्य मुद्द्यालाही तोच. शेवटच्याला पूर्णविराम.